यंत्र गाणे रचते म्हणजे काय करते?



९ ऑगस्ट १९५६ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना या गावी, चार वादक आपापली वाद्ये घेऊन श्रोत्यांसमोर बसले. दोघांच्या हाती व्हायोलिन, तिसऱ्याच्या हाती व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोडी थोरली बहीण, आणि चौथ्याच्या गुडघ्यांशी चेलो हे भारदस्त आवाजाचे वाद्य. युरोपच्या संगीतात ही चौकडी जुनीच आहे. नवल होते ते पुढ्यातल्या कागदांचे. त्या कागदांवरचे स्वर कोणी संगीतकाराने बसून लिहिलेले नव्हते. ते विद्यापीठातल्या एका संगणकाने निवडलेले होते. त्या दिवशी तीन भाग वाजले, पुढे चौथा जोडला गेला आणि १९५७ साली ही रचना छापून निघाली. यंत्राचे नाव इलियॅक, म्हणून रचनेचे नाव ‘इलियॅक स्वीट’. स्वीट म्हणजे मिठाई नव्हे, बरं का. एकापाठोपाठ वाजवायच्या तुकड्यांच्या मालेला तिकडे स्वीट म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, यंत्राला कान नाहीत, गळा नाही, त्याला कोणी कधी अंगाई गाऊन निजवलेले नाही, मग ते गाणे रचते म्हणजे नेमके करते काय? आज हाच प्रश्न आपण हाती घेऊ. हल्ली तो आपल्या दारापर्यंत आला आहे. भ्रमणध्वनीवर एक ओळ टंकली की शब्द, चाल, वाद्ये आणि गळा यांसकट गाणे तयार होऊन येते. गावच्या जत्रेची जाहिरात असो की शाळेच्या स्नेहसंमेलनाचे स्वागतगीत, अशी गाणी कानावर पडू लागली आहेत. कोणी त्यांना जादू म्हणतो, कोणी थोतांड. मला विचाराल तर दोन्ही शब्द घाईचे आहेत.

इलियॅकपासून सुरुवात केलेली बरी, कारण ते यंत्र साधे होते आणि त्याच्या पोटात काय चालते ते उघड दिसत होते. १९५२ साली ते सुरू झाले. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, आठवतात का? पेटवल्यावर तापायला वेळ घ्यायचे ते. तसले सुमारे २,८०० व्हॉल्व्ह त्या यंत्रात होते. वजन काही टन. आणि चालू कामासाठी स्मरणशक्ती केवढी, तर एका वेळी १,०२४ आकडे. आज तुमच्या खिशातल्या फोनपुढे ते बाळही नव्हे.

त्यावर काम करणारे दोघे, लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅक्सन, हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ. त्यातल्या हिलरने संगीतरचनेचे शिक्षणही रीतसर घेतले होते. रसायनशाळेत त्याचे काम होते ते लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंवर. अशी साखळी किती प्रकारांनी वळू शकते हे कागदावर मोजणे अशक्यच. म्हणून ते एक युक्ती करीत. संगणकाला सांगायचे, प्रत्येक कडी वाटेल त्या दिशेला वळव, पण अमुक नियम मोडला तर ती कडी टाकून दे आणि पुन्हा प्रयत्न कर. असे हजारो वेळा केले की अंदाज बांधता येतो. हे करता करता हिलरच्या मनात आले की कड्यांच्या जागी स्वर घातले तर? चाल म्हणजे तरी काय, एकापुढे एक ओवलेल्या स्वरांची साखळीच की. वळायला मोकळीक आहे, पण नियमाच्या आत.

हे बोलून कळायचे नाही, करून पाहावे लागेल. शिक्षक मंडळींनी वर्गात करून पाहावा असा एक खेळ सांगतो. लागणार काय, तर एक सोंगटीचा फासा, खडू, फळा आणि शाळेची पेटी.

फाशाला सहा बाजू. एकला सा, दोनला रे, तीनला ग, चारला प, पाचला ध आणि सहाला वरचा सा असे स्वर वाटून द्या. म्हणजे भूप रागाचेच स्वर झाले. आता आठ स्वरांची ओळ रचायची. नियम तीनच. पहिला: सुरुवात खालच्या सा ने आणि शेवटही खालच्याच सा ने. दुसरा: तोच स्वर लागोपाठ दोनदा नको. तिसरा: एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला फार तर एक स्वर गाळावा, त्याहून मोठी उडी नको.

फळ्यावर सा लिहा आणि टाका फासा. समजा पाच पडले. पाच म्हणजे ध. सा वरून ध वर जायचे तर मधले रे, ग, प असे तीन स्वर गाळावे लागतात. नियम मोडला, दान फुकट. पुन्हा टाका. तीन पडले, म्हणजे ग. मधला फक्त रे गाळला, चालेल, लिहा. पुन्हा तीन? तोच स्वर दोनदा, फुकट. मग चार, म्हणजे प, लिहा. मग दोन, म्हणजे रे. मग सहा पडले, रे वरून वरच्या सा वर उडी, ती फुकट. मग एक, म्हणजे सा. मग तीन, ग. मग दोन, रे. आता शेवटची जागा. तिथे एक पडेपर्यंत फासा टाकत राहायचे. ओळ झाली: सा ग प रे सा ग रे सा.

पेटीवर वाजवून पाहा. मी पाहिली आहे. अगदीच टाकाऊ नाही. लहान मूल बडबडगीताला लावील अशी आहे. आणि ती कोणी रचली? फाशाने म्हणावे तर फाशाला ध आणि प यांतला फरक ठाऊक नाही. मुलांनी म्हणावे तर मुलांनी फक्त फासा टाकला. ओळीला जे काही रूप आले ते त्या तीन नियमांनी आले. आणि ते नियम तुम्ही घातलेत.

अजून एक गंमत होईल. एखाद्या वेळी सातव्या जागी प येऊन बसेल. मग आठव्या जागी सा लिहिता येणार नाही, कारण मधले दोन स्वर गाळावे लागतात. फासा कितीही टाका, वाट बंद. अशा वेळी फळा पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची. इलियॅकही हेच करी. ठरावीक प्रयत्नांत पुढचा स्वर सापडला नाही तर सगळी ओळ पुसून पुन्हा पहिल्या स्वरावर येई. फरक एवढाच की मुलांना फासा टाकायला वेळ लागतो, यंत्राला लागत नाही. तिथे फाशाच्या जागी कसलाच नेम नसलेले आकडे यंत्रातच तयार होत. दोन सप्तकांतल्या पंधरा शुद्ध स्वरांना शून्यापासून चौदापर्यंत आकडे दिलेले होते. यंत्र आकडा काढी, नियमाला लावून पाही, जमला तर ठेवी, नाही तर फेकी. शेवटी जे उरे ते कागदावर अक्षरे आणि आकडे म्हणून छापले जाई आणि मग माणसे ते हाताने स्वरलिपीत उतरवीत.

नियम कुठले? तर युरोपात चार आवाज एकत्र कसे चालवायचे याचे जुने शास्त्र आहे. १७२५ साली व्हिएन्नाच्या फुक्स नावाच्या संगीतकाराने ते नियम एका पाठ्यपुस्तकात बांधले आणि पुढच्या पिढ्या त्यावर शिकल्या. कुठल्या दोन आवाजांनी बरोबरीने चालू नये, कुठली उडी कानाला खटकते, शेवटाला कसे यावे, असे ते नियम. हिलर आणि आयझॅक्सन यांनी ते एकेक करून यंत्राला सांगितले.

या रचनेचा दुसरा भाग मला फार आवडतो, तो यासाठी. तो सुरू होतो तेव्हा यंत्राला जवळजवळ मोकाट सोडलेले आहे. चारी वाद्ये वाट्टेल तशी बोलतात, बाजारच्या दिवशी एस. टी. स्टँडवर उभे राहावे तसे वाटते. मग एक नियम घातला जातो, थोडी वेळाने दुसरा, मग तिसरा. आणि ऐकता ऐकता तो गलका निवळत जातो. शेवटी शेवटी चार जण खरोखर एकमेकांचे ऐकून गात आहेत असा भास होतो. नियम म्हणजे बंधन, एवढेच आपण मुलांना शिकवतो. नियमामुळे गोंगाटाचे गाणे कसे होत जाते हे कानाने ऐकायचे असेल तर तो भाग ऐकावा. तिसऱ्या भागात लयीचे आणि आवाज लहानमोठा करण्याचे प्रयोग आहेत, त्याबद्दल इथे अधिक सांगत नाही.

हे सारे परदेशी नवल आहे असे मात्र समजू नका. दौलताबादचा किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पूर्वीचे ते देवगिरी. तेराव्या शतकात यादवांच्या सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. घराणे मूळचे काश्मीरचे, आणि काम दरबारच्या जमाखर्चाचे. या हिशेबी माणसाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. भारतीय संगीताच्या अभ्यासात त्याचे स्थान फार मोठे आहे. त्यात स्वरप्रस्तार आहे. म्हणजे दिलेले स्वर किती तऱ्हांनी मांडता येतील, ते एकही न गाळता आणि एकही दोनदा न घेता क्रमाने कसे लिहावे, याची रीत.

एक स्वर असेल तर मांडणी एकच. दोनांच्या दोन. सा, रे, ग या तिघांच्या सहा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चार स्वरांच्या चोवीस, पाचांच्या १२०, सहांच्या ७२०, आणि साती स्वरांच्या ५,०४०. वर्गात सातवी-आठवीच्या मुलांकडून सहापर्यंतचा गुणाकार करून घ्या, मुले स्वतःच पुढे जातील. शार्ङ्गदेवाचे खरे कसब यापुढचे आहे. कोणी विचारले की ५,०४० पैकी अमुक क्रमांकाची मांडणी कोणती, तर सगळी यादी न लिहिता ती काढून देण्याची रीत आहे. त्याला ‘नष्ट’ म्हणतात. उलट, एखादी मांडणी दिली तर ती यादीत कितवी, हे सांगणे म्हणजे ‘उद्दिष्ट’. त्यासाठी त्याने खंडमेरू नावाचा आकड्यांचा कोठा दिला. आज संगणकाला शिकवायच्या क्रमवार रीतीला इंग्रजीत अल्गोरिदम म्हणतात. नष्ट-उद्दिष्ट हे त्याचे अस्सल उदाहरण आहे, आणि ते मराठी मुलखात लिहिले गेले.

ही रीत पोथीतच राहिली नाही. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यात मेरुखंडाची तालीम चालत आली. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या आलापीत स्वरांची उलटापालट करीत धीम्या गतीने पुढे सरकणे आहे ना, तेही या मेरुखंडाचेच. पण खाँसाहेब काही ५,०४० मांडण्या ओळीने म्हणत नसत. रागाला मानवणाऱ्या तेवढ्याच घेत. इथे मेख आहे. मांडण्या काढणे हे हिशेबाचे काम, आणि त्यातली कोणती घ्यायची ते कानाचे.

रागांचाही हिशेब पाहा. सा कायम ठेवून आरोहात सात, सहा किंवा पाच स्वर घ्यायचे, तर एका थाटात आरोहाचे प्रकार होतात एक अधिक सहा अधिक पंधरा, म्हणजे बावीस. अवरोहाचेही बावीस. बावीस गुणिले बावीस म्हणजे ४८४. थाट बहात्तर मानले तर ३४,८४८ राग झाले. आपल्या गायकवादकांकडून ऐकू येतात किती? काही शे. उरलेले कागदावर बरोबर आहेत, फक्त ते कोणाला गावेसे वाटले नाहीत.

पुन्हा आपल्या फाशाच्या खेळाकडे येऊ. सा रे ग प ध हे भूपाचे स्वर असे मी सहज म्हणालो. पण हेच पाच स्वर देसकाराचेही आहेत. भूप संध्याकाळी गायचा, त्याचा जीव गंधारात. देसकार सकाळचा, त्याचा जीव धैवतात, आणि चालणे वरच्या अंगाचे. फाशाच्या तीन नियमांना याचा पत्ता नाही. आपली ओळ भूप की देसकार, हे ते सांगू शकणार नाहीत. मग चौथा नियम घाला, गंधारावर जास्त वेळा या. पाचवा घाला, प वरून एकदम रे वर उतरताना काळजी घ्या. असे नियम वाढवत गेले की ओळ भूपाच्या जवळ जाऊ लागते. किती वाढवावे लागतील? गुरूने वीस वर्षे शिष्याच्या डोक्यात घातलेले सगळे लिहून काढावे लागेल. आणि त्यातले बरेच गुरूलाही शब्दांत सांगता येत नाही. तो फक्त म्हणतो, ‘‘असे नाही, असे.’’

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लखनौमध्ये नेमका याच ‘‘असे नाही, असे’’चा प्रयोग झाला. जेम्स किपेन हा संशोधक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. तबल्यातला कायदा आपल्याला ठाऊक आहे. बोलांचा एक मूळ तुकडा असतो, आणि त्यातलेच बोल इकडेतिकडे करून पलटे रचायचे. बाहेरचा बोल आणायचा नाही, खाली-भरी सांभाळायची, शेवट मुखड्याशी जुळवायचा. नावच कायदा! नियमानेच रचायचे संगीत, म्हणजे संगणकाला याहून सोपे काय असणार?

किपेन आणि बर्नार बेल या फ्रेंच अभियंत्याने मिळून ‘बोल प्रोसेसर’ नावाची प्रणाली तयार केली आणि ती ॲपल कंपनीच्या एका छोट्या संगणकावर चालवली. कायद्याचे नियम व्याकरणासारखे लिहून यंत्राला दिले. यंत्र त्या व्याकरणाने पलटे काढून देई. ते उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद म्हणत, हा चालेल, हा चालणार नाही. न चालणारा पलटा नियमात तर बसतो, मग चुकले कुठे? की नियमच अपुरा. तो दुरुस्त करायचा आणि पुन्हा यंत्राला पलटे काढायला लावायचे. उलटही करता येई. उस्तादांनी वाजवलेला पलटा यंत्राला द्यायचा आणि विचारायचे, तुझ्या व्याकरणात हा बसतो का? बसला नाही तर चूक उस्तादांची नव्हे, व्याकरणाची. शार्ङ्गदेवाच्या नष्ट-उद्दिष्टाची इथे आठवण होते की नाही?

मला हा प्रयोग इलियॅकपेक्षाही मोलाचा वाटतो. यात यंत्राने उस्तादांची जागा घेतलेली नाही. यंत्र इथे एक प्रामाणिक, मंदबुद्धी शिष्य आहे. सांगाल तेवढेच आणि तंतोतंत करते, आणि त्यामुळे आपण काय सांगायचे विसरलो ते उघडे पडते. शिकवणाऱ्या प्रत्येकाला असा एखादा शिष्य मिळायला हवा.

इथवर नियम माणसाने लिहून दिले. दुसरी वाट आहे ती नियम न लिहिता गाण्यांतूनच उचलण्याची. तीही त्याच काळची. इलियॅक स्वीटच्या चौथ्या भागात आधीच्या स्वरावरून पुढच्या स्वराची शक्यता ठरे, फक्त ते प्रमाण हिलर आणि आयझॅक्सन यांनी स्वतः नेमून दिलेले होते. १९५७ सालीच हार्वर्ड विद्यापीठात काही जणांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी चर्चमध्ये गायच्या ३७ स्तोत्रांच्या चाली घेतल्या आणि कुठल्या स्वरानंतर कुठला स्वर किती वेळा येतो ते मोजले.

हेही वर्गात होण्याजोगे आहे. मुलांना येणाऱ्या एखाद्या प्रार्थनेची चाल स्वरांत लिहून घ्या. मग प्रत्येक स्वराच्या नावाची एक काडेपेटी ठेवा. चालीत ग च्या पाठोपाठ रे आला की ‘ग’ पेटीत ‘रे’ लिहिलेली चिठ्ठी टाका. प आला तर ‘प’ लिहिलेली. सगळी चाल अशी पेट्यांत वाटली गेली की नवी चाल रचायला बसा. सा पासून निघा, सा च्या पेटीतून न बघता चिठ्ठी काढा, निघेल तो स्वर लिहा, चिठ्ठी परत टाका, मग त्या स्वराच्या पेटीकडे वळा. नियम एकही लिहिला नाही, तरी मूळ चालीचा वास नव्या चालीला येतो.

पण एकच मागचा स्वर ध्यानात ठेवला तर चाल भरकटते, वेंधळ्या माणसाच्या बोलण्यासारखी. म्हणून मागचे दोन स्वर बघा, तीन बघा. हार्वर्डच्या मंडळींनी अशी आठ स्वरांपर्यंत मजल नेली. काय दिसले? आठवण आखूड ठेवली तर गाता न येण्याजोगे काहीतरी निघते. आठवण फार लांबवली तर यंत्र मूळचीच स्तोत्रे जशीच्या तशी परत देऊ लागते. नवे आणि गाण्याजोगे जे काही निघते ते मधल्या पट्ट्यात. या दोन टोकांची गोष्ट विसरू नका, आपल्याला ती लगेचच लागणार आहे.

कोणी म्हणेल, काही केले तरी यंत्राचे गाणे ओळखू येतेच. मीही असे म्हणत असे. पण १९९७ साली ओरेगॉन विद्यापीठात झालेली परीक्षा ऐका. डेव्हिड कोप या अमेरिकन संगीतकाराने जुन्या आचार्यांच्या रचना अभ्यासून त्यांच्या धर्तीवर नव्या रचणारी प्रणाली १९८० च्या दशकापासून घडवली होती. परीक्षेत पियानोवर तीन तुकडे वाजवले गेले. एक जर्मनीच्या बाख या महान संगीतकाराचा, एक स्टीव्ह लार्सन या तिथल्याच प्राध्यापकाने बाखच्या शैलीत रचलेला, आणि एक कोपच्या यंत्राचा. कोणता कोणाचा ते श्रोत्यांनी ओळखायचे. श्रोत्यांनी कौल दिला तो असा: यंत्राचा तुकडा हाच खरा बाख, आणि बिचाऱ्या लार्सनचा तुकडा यंत्राचा! तेव्हा ‘ओळखू येते’ या भरवशावर राहू नये. कोपच्या यंत्राला बाख साधला तो मात्र बाखनेच लिहून ठेवलेल्या रचनांच्या जोरावर, हेही तितकेच खरे.

आज फोनवर गाणे करून देणाऱ्या प्रणाली काडेपेट्यांच्याच वाटेने आल्या आहेत, मात्र पेट्यांची संख्या कल्पनेपलीकडे गेली आहे. स्वरच नव्हे तर आवाजाचा पोत, श्वास, ठेका, उच्चार यांच्याही चिठ्ठ्या त्यांत आहेत असे समजा, आणि त्या कोणी हाताने टाकलेल्या नाहीत. असंख्य ध्वनिमुद्रणे ऐकून यंत्राने स्वतःच भरल्या आहेत. इलियॅकच्या नियमांची यादी तुम्ही मागितली असती तर हिलरने ती काढून हातात दिली असती, आणि तशी त्याने १९५९ साली पुस्तकात छापलीही. आजच्या यंत्राला विचाराल की हा स्वर इथे का घेतलास, तर नियम म्हणून बोट ठेवावे असे काही सापडत नाही. कोणाची तरी गाणी तिथे विरघळलेली आहेत, एवढेच.

मग हार्वर्डचे ते दुसरे टोक आठवा. यंत्र केव्हा नवे करते आणि केव्हा कोणाचे तरी परत देते? हा प्रश्न आता कोर्टात गेला आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुनो आणि उडिओ या गाणी करून देणाऱ्या दोन कंपन्यांवर दावे लावले. आमची गाणी न विचारता यंत्राला ऐकवली, ही तक्रार. त्यांतल्या काही वादांत २०२५ मध्ये तडजोड झाली. मोठ्यांचे वकील असतात, त्यांचे बघायला ते समर्थ आहेत. मला काळजी वाटते ती ज्यांच्या गाण्यावर नावच नाही त्यांची. वासुदेव, गोंधळी, भजनी मंडळातला पखवाजी, लग्नात हळदीची गाणी म्हणणाऱ्या बाया. यांचे गाणे कोणी फोनवर टिपून घेतले आणि ते यंत्राच्या पेटीत गेले, तर पुढे निघणाऱ्या चालीत त्यांचा वाटा किती, हे कोण सांगणार?

लखनौच्या प्रयोगातले बर्नार बेल मी वर सांगितले. त्यांचे नाव पुढे आपल्या खेड्यांतल्या एका कामाशी जोडले गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या, आणि ते काम महाराष्ट्रभर पसरले. हजाराहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या. १९९० च्या दशकात बेल त्यात आले. संगणकावर ओव्यांची नोंदपद्धती बसवली, आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. पुढे हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने आपल्याकडे घेऊन लोकांसाठी खुला केला.

तबल्याचे पलटे काढणारे यंत्र बनवणारा माणूस मुळशीच्या डोंगरात गेला. तिथे त्याने यंत्राकडून नव्या ओव्या काढून घेतल्या नाहीत. म्हणणारीची ओवी लिहून ठेवली. ‘पारी’वर आजही एखादी ओवी उघडली की तिच्याबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव वाचायला मिळते. शिक्षक मंडळींना एक विनंती. काडेपेट्यांचा खेळ कराल तेव्हा चाल कुठल्याही मुलाच्या आजीकडून घ्या, आणि पेट्यांवर स्वरांची नावे लिहिण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात त्या आजीचे नाव लिहा.